न अडखळता वाचलेली बावीस पानं

एप्रिल संपत आला की मी फोन पर्समध्ये ठेवत नाही, हातात ठेवते. स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत बसले तरी तो गठ्ठ्याशेजारी उताणा पडलेला असतो. बाकीचे शिक्षक चेष्टा करतात, "काय मॅडम, स्थळ-बिळ आलंय का?" मी हसते. काय सांगणार त्यांना? आईचा फोन यायचा असतो, आणि तो येऊ नये म्हणून मी त्याच्याकडे बघत बसलेली असते.

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत माझ्या खोलीमागं एक मळा आहे. ऊस तुटून गेला की मळ्याचे मालक पाचट पेटवून देतात. सगळा धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. एकदा मी भीत भीत म्हणाले, "काका, पाचट कुजवलं तर बरं ना?" ते म्हणाले, "मॅडम, तुमी पुस्तकं शिकवा, शेती आमाला करू द्या." रागही आला नाही. खरं सांगायचं तर त्या माणसाचा हेवा वाटला. आईनं मला असं एकदा तरी म्हणायला हवं होतं.

आमच्याकडचा धूर वेगळा. आमची वाडी आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात. तिथं भाताचं रोप टाकायचं तर जमिनीचा तो तुकडा आधी भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या वाळलेल्या फांद्या, त्यावर वाळका पालापाचोळा आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. शेण, पाला आणि तापलेली माती यांचा मिळून एक वास येतो. तो केसांत बसला की दोन अंघोळींशिवाय जात नाही. लहानपणी मला त्या वासाची लाज वाटायची. आश्रमशाळेतून सुट्टीला आले की मी वाऱ्याची बाजू सोडून लांब उभी राहायची. आई वाकून काय करते, कुठून पेटवते, का पेटवते, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. भाताची ताटली मात्र रोज पुढ्यात ओढली.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी बोलतेय, त्या उन्हाळ्यात मी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या टप्प्यात होते. मंचरला मैत्रिणीबरोबर खोली घेतली होती. सगळे पेपर निघाले होते, अडकलं होतं ते एकच. डोंगरातल्या शेतीवरचा बावीस पानांचा एक इंग्रजी लेख होता. तो वाचून त्याचं परीक्षण लिहून द्यायचं, आमच्या मॅडमनी ते मान्य करायचं, की झालं. नारायणगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर मला घ्यायला तयार होते, पण जुलैअखेर एम.ए.चा निकाल हातात हवा होता. मी परीक्षण दोनदा लिहिलं. दोनदा परत आलं. दुसऱ्यांदा मॅडमनी वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'लेखक काय म्हणतो ते कळलं. सुमन काय म्हणते?'

तो कागद मांडीवर घेऊन मी मंचरच्या स्टँडवर दोन एसट्या जाऊ दिल्या. सुमन काय म्हणणार, कपाळ! सुमन शब्दन्‌शब्द मोबाइलमध्ये बघून वाचतेय. एका पानाला दोन तास लागतायत. ज्या माणसाचं लिहिलेलं परदेशात छापलं जातं, ज्याच्या नावापुढं दीड ओळ पदव्या आहेत, त्याच्याबद्दल सुमननं काय म्हणायचं? मला मॅडमचा इतका राग आला होता की तो कागद फाडून टाकावासा वाटला. पण फाडला असता तर पुन्हा झेरॉक्स कुठून आणायची, म्हणून घडी घालून पिशवीत ठेवला.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "सुमन, तू वाचताना कुठं अडखळत कशी नाहीस गं?"

"नाही अडखळत मॅडम. आता सगळे शब्द पाठ झालेत."

"शब्दांचं नाही म्हणत मी. हा माणूस सांगतोय ते याला कसं कळलं, हा कुणाशी बोलला, काय बघितलं, काय बघायचं राहिलं, असं काही मनात येत नाही? येईल तिथं थांब. पेन्सिलनं रेघ मार आणि बाजूला लिही, हे कशावरून?"

पुस्तकात पेन्सिल! पुस्तकाला पाय लागला तर आम्ही हात लावून तो हात कपाळाला लावतो. पुस्तकावर लिहायचं, आणि तेही 'हे कशावरून', म्हणजे मोठ्या माणसाला उलट बोलल्यासारखंच. शिवाय अडखळणं. मला कुणी काही म्हणून ओळखत असेल तर न अडखळणारी म्हणून ओळखत होतं. वाडीत दर वर्षी सप्ताह बसायचा, सात दिवस पारायण चालायचं. वाचायला बाया-माणसं रांगेनं बसत आणि मी सातवीपासून त्या रांगेत असायची. बाकीचे वाचताना चाचरत, ओळ चुकत, मागं राहत. मी नाही. "पोरीचं वाचन लई भारी, पाण्यावानी जातं," असं म्हातारी माणसं आईला सांगत. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा. अर्थ कुणी विचारत नव्हतं. वाचून पुरं करायचं, नारळ फोडायचा, पाया पडायचं. माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया हा असा होता, आणि तो पायाच मॅडम मला उकरायला सांगत होत्या.

मे महिन्यात मी घरी गेले. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आई एकटी होती आणि राबांची कामं अडली होती. पिशवीत तो लेख. दोनदा नापास झालेली मी, डोकं चालेना, दिवस संपत चालले. आणि मग मी काय केलं असेल? पारायण. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. बावीस पानं, सात दिवस. रोज तीन, शेवटच्या दिवशी चार. सकाळी अंघोळ करून, उदबत्ती लावून, पाटावर लेख ठेवून मी मोठ्यानं वाचायला बसले. मनात म्हटलं, सात दिवसांत काहीतरी उघडेल. एवढ्या पारायणांत कधी ना कधी काहीतरी उघडलं असेलच की.

पहिल्याच दिवशी आई शेणाचे हात धुऊन आली आणि समोर बसली.

"आये, इंग्रजी आहे हे. तुला काय कळणार?"

"आसू दे. कानावर पडलं तरी बास. तू वाच."

ती रोज बसली. डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून. मी जमीनधारणा, उत्पादकता असले भलेमोठे इंग्रजी शब्द न अडखळता म्हणत होते आणि ती मधूनच मान हलवत होती. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

सहाव्या दिवशी आई एकदम म्हणाली, "थांब. राब म्हणलीस तू आत्ता."

खरंच म्हणाले होते. लेखकानं तो शब्द तसाच ठेवला होता, तिरक्या इंग्रजी अक्षरांत. आईच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आपला राब? त्या पुस्तकात? काय लिवलंय, सांग की."

मी सांगितलं. घाईघाईनं, थोडं शिष्टपणानं. त्यात म्हटलं होतं की डोंगरातले शेतकरी राब भाजतात ते निव्वळ सवयीनं. का भाजतात हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. त्यानं झाडं जातात, माती जळते, आणि न भाजता टाकलेलं रोपही तेवढंच चांगलं येतं.

आईनं जोडलेले हात सोडले. मग मला म्हणाली, "आसं छापलंय?"

"छापलंय."

"मोठा मानूस हाय का लिवणारा?"

"लई मोठा."

"मंग आसंल बया. आमाला काय कळतंय? आमी आपलं म्हाताऱ्या करत व्हत्या म्हणून करतो."

मी तिथं अडखळायला हवं होतं. माझ्या समोर बाई बसली होती. तिनं पस्तीस वर्षं राब भाजले होते, आणि तिनं मिनिटभरात स्वतःचं सगळं जाणतेपण त्या पाटावरच्या कागदापुढं ठेवून दिलं. मी नुसतं विचारलं असतं, "आये, तू का भाजतेस?" तर लेख तिथंच उघडला असता, परीक्षण तिथंच लिहून झालं असतं. पण मी सोळावं पान उलटलं. पारायणात खंड पडू द्यायचा नसतो.

आमचे राब दोन, थोरला आणि धाकटा. दोन्ही रचून तयार होते. आठव्या दिवशी आई दारात येऊन म्हणाली, "सुमे, धाकटा पेटवते देवाच्या नावानं. थोरला तसाच ठिवू का? त्या पुस्तकात म्हणत्यात तसा?"

"ठेव ना. उगीच एवढी झाडं तोडायची," मी म्हणाले. मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

तिनं माती-पाला सारून थोरल्या राबातल्या फांद्या एक एक करून उचलल्या आणि चुलीसाठी घरामागं रचल्या. शेजारची काकू कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "काय गं, येडी झालीस का?" आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "आमची सुमी सतरावी शिकतीय. तिच्या पुस्तकात आलंय तसं."

मी परत मंचरला गेले. तिसरं परीक्षण लिहिता येईना. मॅडमनी शेवटची मुदत दिली होती, जुलैचा तिसरा आठवडा. जूनच्या शेवटी आईचा निरोप आला, चार दिवस ये, रोपातलं गवत काढायचंय, एकटीला उरकत नाही. मी चिडले. माझं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हिला गवताचं पडलंय! तरी गेले, आणि थोरला राब बघून जागच्या जागी बसले. भात दिसतच नव्हतं. सगळं गवत, दाट, हिरवंगार. बाजूच्या धाकट्या राबातलं रोप मात्र स्वच्छ उभं होतं.

आई गुडघ्यावर बसून एक एक काडी उपटत होती. भात आणि ते गवत त्या वयात इतकं सारखं दिसतं की मी पहिल्या तासाभरात गवतापेक्षा भातच जास्त उपटलं. "न्हाय गं सुमे," ती म्हणायची, "हे बग, हाताला लागतं." ती काडी बुडाशी चिमटीत धरायची, जरा फिरवायची आणि सोडायची किंवा उपटायची. मी पण धरून, फिरवून बघत होते. दुसऱ्या दिवशी कुठं मला थोडं कळायला लागलं. पाठ मोडून गेली, नखांत चिखल, आणि भात उपटलं की रोपाची मुळं तुटून हातात येत होती. जमीन घट्ट होती.

"धाकट्यातलं रोप कसं अलगद येतं मग?" मी वैतागून विचारलं. नुसता वैताग होता, प्रश्नसुद्धा नव्हता तो.

"भाजलेली माती भुसभुशीत ऱ्हाते," आई खाली बघतच म्हणाली. "मूळ तुटत न्हाय. आन गवताचं बी जळून जातं आगुदरच. पन माती वरून टाकायला लागती पातळ, न्हायतर भसाभसा जळून जातं आन खाली ऊब पोचत न्हाय. वारा जिकडं जातो त्या अंगानं पेटवायचा, म्हंजी जाळ मागं मागं सरकतो. वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवला तर रान पेटंल समदं, एवढं तरी ठावं पायजे मानसाला."

मी हातातली काडी खाली टाकली. का भाजतात हे त्यांना सांगता येत नाही म्हणे! सगळं सांगता येत होतं. फक्त विचारलं नव्हतं. ना त्या माणसानं, ना मी.

त्या दुपारी मी पाय न धुता घरात गेले, लेख काढला आणि चिखलाच्या बोटांनी पानं उलटली. सतराव्या पानाखाली बारीक अक्षरांत एक तळटीप होती. पारायणात तळटिपा वाचत नाहीत. त्या पोथीच्या बाहेरच्या. त्यात लिहिलं होतं की लेखक डोंगरात गेला तो हिवाळ्यात, दोन दिवस, दुभाष्याला घेऊन. बोलला तो रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत भेटलेल्या पुरुषांशी. आणि न भाजता रोप टाकून पाहिलं ते खाली सपाटीवर, दर वर्षी मजूर लावून खुरपलेल्या जमिनीत. हे सगळं त्यानं स्वतःच सांगितलं होतं, लपवलं काहीच नव्हतं. लपवलं असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो सांगत होता आणि मी त्याला उदबत्ती ओवाळत होते.

पेन्सिल नव्हती. चुलीतला कोळसा घेऊन मी समासात लिहिलं, हे कशावरून? मग पुढच्या पानावर, कोण म्हणालं? मग कोळसा मोडेपर्यंत लिहीत गेले आणि मधूनच रडत होते. एका जागी मात्र हात थांबला. झाडांबद्दल तो म्हणत होता ते खरं होतं. आई फांद्यांसाठी पूर्वी विहिरीपर्यंत जायची, आता पार खिंडीपलीकडं जाते. तिथं मी 'बरोबर' लिहिलं. कुणालाच पुरतं खरं किंवा पुरतं खोटं ठरवता येईना, आणि डोकं इतकं दुखत होतं की वाटलं, यापेक्षा पाठांतर बरं.

परीक्षण मान्य झालं. मॅडमनी फक्त एवढंच लिहिलं, 'आता वाचलंस.' निकाल वेळेत लागला, नोकरी मिळाली, आता कायमही झाले. ज्याला त्याला वाटतं, पोरीनं नाव काढलं. त्या वर्षी आमच्या घरातली भाताची कणगी पौषातच रिकामी झाली आणि नाव काढलेल्या पोरीनं नारायणगावच्या दुकानातून तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून घरी नेलं. आईनं तो तांदूळ हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि वैरला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर सुटले असते मी.

मी तिला माझं परीक्षण वाचून दाखवलं होतं. मराठीत करून, सावकाश, जागोजागी थांबत. त्यात तिचंच सगळं होतं, मातीचा थर, मुळं, वाऱ्याचं अंग. मला वाटलं होतं, ती म्हणेल, "हे तर म्याच सांगितलं व्हतं." तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"आये, हात कशाला जोडतेस? तुझंच बोलणं आहे हे."

"आता कागदावर आलं न्हवं का," ती म्हणाली. "मंग आता पेटवाया हरकत न्हाय."

तेव्हापासून दर वर्षी तिचा फोन येतो. राब रचून झाला की विचारते, "सुमे, पेटवू का गं? यंदा काय म्हणत्यात पुस्तकात?" मी चिडून बघितलं, समजावून बघितलं, शपथा घातल्या, रडले. वर्गात मी आता मुलांना हेच शिकवते, पार निमगाव सावापर्यंतच्या गावांतून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरींना हातात पेन्सिल देऊन सांगते, अडखळा गं बायांनो, छापलेल्याला विचारा. त्या विचारतातही. एकीनं मध्यंतरी मलाच विचारलं, "मॅडम, हे कशावरून?" मला इतका आनंद झाला आणि लगेच आई आठवली. हिला शिकवता आलं, घरातलीला नाही. माझ्या आईचं काय हिरावून घेतलं हे मला नेमकं ठाऊक आहे, आणि ते परत कसं द्यायचं हे कुठल्याच पानावर सापडत नाही.

यंदा एप्रिल गेला. मे महिन्याचे आठ दिवस गेले, फोन नाही. मी लावला तर लागेना. परवा नारायणगावच्या बाजारात आमच्या वाडीचा एक ओळखीचा माणूस भेटला. मी विचारायच्या आत म्हणाला, "काय मॅडम, वाडीला न्हाय आलात? राब समदे पेटले की."

"सगळे?"

"समदे."

मी तिथंच उभ्या उभ्या हसायला लागले. न विचारता! तिनं न विचारता पेटवला! बाजारात भर उन्हात मी अर्धा किलो जिलेबी घेतली, त्या माणसाच्या हातावर ठेवली, ओळख नसलेल्या भाजीवालीला दिली. खोलीवर येऊन शेजारच्या मळेवाल्या काकांनाही दिली. "काय विशेष मॅडम?" "काही नाही, आईनं राब भाजला." त्यांना काय कळणार, पण त्यांनी खाल्ली.

काल दुपारी फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग धापा. आईचे गुडघे गेलेत, दोन वर्षांपासून ती देवळाची पायरीसुद्धा काठी टेकून चढते.

"सुमे, आगं धा दिस झाले टावर बंद हाय. समद्यांचं पेटवून झालं, आपलाच ऱ्हायलाय. वरच्या पठारावर आलेय रेंजला. पेटवू का?"

मी जिलेबीच्या रिकाम्या पुड्याकडं बघत राहिले.

"आये," मी म्हणाले, "तू सांग. का पेटवायचा असतो राब? तुला ठाऊक आहे. सांग मला."

वारा वाजत राहिला. ती आठवत होती की काय, कळेना. मग बारीक आवाजात म्हणाली, "मला काय ठावं बया. तुज्या कागदात हाय न्हवं का समदं?"

"पेटव," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं, "कुठल्या अंगानं?"